रेकॉर्डर येईपर्यंत

मिरजेच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, "स्वरयंत्र काढावं लागेल. पंधरा दिवसांनी ऑपरेशन." माझे वडील, आण्णा, एवढंच म्हणाले, "मग गाणं वो?" डॉक्टर फाईल चाळत राहिले.

शिराळ्याकडच्या आमच्या वस्तीत जयंती असो की लग्न, आण्णा गायल्याशिवाय माणसं उठत नसत. गाणी त्यांनीच बांधलेली. सहीपुरतं लिहिता येणारा माणूस, सगळं डोक्यात. धृपद कोरसवाले उचलायचे, कडवी मात्र एकट्या आण्णांना ठाऊक. ऑपरेशनच्या आधी ती सगळी रेकॉर्ड करायची असं मी ठरवलं. आणि करायची तर नीट करायची. हा नीटपणाच मला नडला.

मी शिरवळला कारखान्यात कामाला. पाच हजारांच्या वर माझी उडी जात नव्हती. जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर माइकचे व्हिडिओ बघत बसायची. एक म्हणे हाच घ्या, दुसरा म्हणे त्यात घरघर येते. शेवटी रजा टाकून घरी आले आणि सांगलीच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "आवं ताई, मोबाईलवर घ्या की करून." मला असला राग आला! जन्मभर फुटक्या कर्ण्यातून गायलेला माणूस, एकदा तरी चांगल्या यंत्रात गाऊ दे की. मोठ्या ऐटीत कंडेन्सर माइक घेऊन आले. घरी बघते तर त्याला वीज पुरवणारी वेगळी पेटी लागते, आणि तिची किंमत माइकएवढीच. पुन्हा सांगली, पुन्हा हुज्जत. माइक परत देऊन हातात धरायचा छोटा रेकॉर्डर मागवला. "चार दिवसांत येतोय बघा," दुकानदार म्हणाला. आठ दिवस गेले.

तोवर आण्णा गळा राखत होते. कार्यक्रमाआधी गाणाऱ्यानं फार बोलायचं नाही, ज्येष्ठमध चघळत बसायचं, ही त्यांची जुनी शिस्त. मीच म्हटलं होतं, रेकॉर्डिंगपर्यंत आवाज जपा. एका सकाळी अंघोळ करून आले आणि गुणगुणायला लागले. गुणगुणता गुणगुणता आवाज मोकळा झाला. मी स्वयंपाकघरातून ओरडले, "आण्णा, गप बसा की!"

"बरं बाई, ऱ्हायलं," म्हणाले आणि खरंच गप्प बसले. मोबाईल माझ्या हाताशीच होता. काय म्हणावं या अकलेला! अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दोन दिवसांनी त्यांचा श्वास कोंडला. तातडीनं मिरजेला नेलं, गळ्याला भोक पाडलं, आणि त्याच आठवड्यात ऑपरेशनही उरकलं. रेकॉर्डर त्यानंतर आला. मी खोका उघडलासुद्धा नाही.

दवाखान्यातून घरी आल्यावर तो आण्णांनीच उघडला. बटण कुठलं, असं खुणेनं विचारलं. मी दाखवलं. लाल दिवा लागला तसा त्यांनी रेकॉर्डर माझ्या तोंडापुढं धरला आणि हातानं खूण केली, गा. मला रडू फुटत होतं, तरी धृपद म्हटलं. त्यांनी मान डोलावली, मांडीवर ताल धरला, पुढचं म्हण अशी खूण केली. पुढचं मला येत नव्हतं. दुसरं गाणं धरलं, तेही धृपदाशीच अडलं. तिसरंही तसंच. आण्णा रेकॉर्डर धरून थांबले होते.