शिवून आला

आष्टी तालुक्यातल्या आमच्या शाळेत अमेरिकन फुटबॉल आला तो हेडमास्तरांच्या दूरदृष्टीमुळे. जिल्हा स्पर्धेत हा खेळ नवा होता आणि अख्ख्या जिल्ह्यातून आमच्याशिवाय एकाच शाळेनं नाव दिलं होतं. म्हणजे एक सामना जिंकला की थेट विभागाला. कबड्डीत तेवढ्यासाठी पोरांचे गुडघे फुटतात आणि पंचांशी माझी भांडणं होतात. हेडमास्तर म्हणाले, खेळ अमेरिकेचा असला तरी सर्टिफिकेट आपलंच असतं.

मी जन्माचा कबड्डीवाला. मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलो. समोरचा एक गडी चेंडू लांब फेकायला मागे सरतो आणि त्याच्यापुढे त्याच्या माणसांची भिंत उभी राहते. ती फोडून, चेंडू हातातून सुटायच्या आत त्याला गाठायचं, हे आमच्या पुढच्या फळीचं काम. हेल्मेट मैदानावर एकच होतं, ते माझ्या मोटारसायकलला लटकलेलं. म्हणून दोन्ही शाळांनी ठरवलं की कुणाला आपटायचं नाही, चेंडूवाल्याला कंबरेला मिठी मारून थांबवायचं.

व्हिडिओतला गोरा मास्तर काय बोलतो ते पोरांना कळेना. मी विचारलं, बाजारच्या दिवशी एसटीत कसं शिरता? पुढच्याचे हात मनगटावर मारून खाली पाडायचे, खांदा टाकायचा, त्याच्या काखेखालून आपला हात वर काढायचा, की आपण आत. नजर माणसावर नाही, रिकाम्या सीटवर. दुसऱ्या दिवशीपासून पोरं भिंत फोडायला लागली. अमेरिकेत यासाठी वेगळा कोच ठेवतात म्हणे. त्यांच्याकडे एसटी नसणार.

फळीत सगळ्यात चपळ होता तो दहावीतला एक पोरगा, आमच्या कबड्डी संघाचा चढाईवाला. सराव रंगात आला असताना त्याचा बाप शाळेत आला. दिवाळीनंतर पोराला ऊसतोडीला न्यायचं म्हणाला. तोडीला माणसं नेणारा मुकादम नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतो, पण याच्या बायकोचं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालेलं. तिला मोळी उचलवत नव्हती.

मी तापलो. दहावीचं वर्ष आहे, म्हणून बरंच बोललो. तो शांतपणे ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "सर, पोरगं जिकून फुडं गेलं तर ऱ्हाऊ द्या साळंत. न्हाई तर गाडीत बसंल."

सामना बीडला होता. मुकादमाला भेटायला आलेला बाप कडेला येऊन उभा राहिला. शेवटचा डाव आला तेव्हा आम्ही थोडक्यात पुढे होतो आणि चेंडू त्यांच्याकडे होता. ही एक फेक अडवली की झालं.

पोरगा सुटला. मनगटावर हात, खांदा, काखेखालून वर, सगळं शिकवल्यासारखं. चेंडूवाला समोर एकटा उभा. आमच्या पोरानं त्याच्या छातीला हात लावला, गर्रकन वळला आणि दम धरून जिवाच्या आकांतानं पळत आपल्या रेषेत आला. आमच्या बाकीच्या पोरांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. आपल्याला सोडून हा गेला कुठं, ते चेंडूवाल्याला क्षणभर कळेना. मग त्यानं निवांत चेंडू फेकला, तो पलीकडे त्यांच्याच पोरानं झेलला आणि शिट्टी वाजली. आम्ही हरलो.

आत कसं शिरायचं ते मी महिनाभर शिकवलं होतं. परत यायचं नसतं, हे सांगावं लागेल असं व्हिडिओतल्या मास्तरालाही वाटलं नव्हतं.

मी डोकं धरून उभा होतो, तर बाप हसत आला. म्हणाला, "शिवून आलं की पोरगं. म्या डोळ्यानं बघितलं. एकालाबी सापडलं न्हाई."

पलीकडे दुसऱ्या शाळेची पोरं नाचत होती. हरूनही नाचतात म्हणजे मोठ्या मनाची, असं त्याला वाटलं असावं. पोरगा मान खाली घालून उभा होता. हेडमास्तर जमीन बघत होते. पंचांशी नियमावरून कायम भांडणाऱ्या माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "हो, शिवून आला." एवढं तरी खोटं नव्हतं.

दिवाळी झाली, गाडी भरली. बाप शब्दाचा पक्का निघाला. पोरगा दप्तर घेऊन खाली चुलत्याजवळ उभा होता. पण कोयता अर्धा राहत नाही. भांडी, सरपण, शेळ्या चढवून झाल्यावर एका हातानं ओटीपोट धरून त्याची आई गाडीत चढली. मी तिथून निघायला लागलो, तेवढ्यात तिनं मला वरून बघितलं.

"सर, जिकलं म्हणं आमचं पोरगं?"

पोरगा माझ्याकडे बघत होता.

"जिंकला," मी म्हणालो.