असू द्या

२०२५ साल, मी एकाहत्तर वर्षांचा. येरवड्यात ज्या ऑफिसात मी वॉचमन, तिथले हजेरीचे साहेब चष्मा वर सरकवून कशालाही म्हणायचे, "असू द्या." हजेरीचं मशिन आलं तेव्हा मी अडून बसलो. दुसरीपर्यंत शिकून सही कमावलीय, अंगठा लावणार नाही. साहेबांनी माझ्या सहीपुरती वही ठेवली आणि मशिनमध्ये हजेरी स्वतः भरू लागले.

पुढं नियम सांभाळायला कंप्युटरमधले एजंट आले. एक चूक पकडायचा, दुसरा शिक्षा ठरवायचा. माझी हजेरी अंगठ्याविना का भरली, याचं कारण पहिल्यानं साहेबांना विचारलं. त्यांनी लिहिलं, "असू द्या." दुसऱ्यानं त्यांची नोकरी घालवली.

ते डबा पिशवीत भरत होते. मी म्हणालो, "साहेब, माझ्यापायी गेलात."

"असू द्या, काका. तशी तुमची सही मला कधी वाचता आली नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगठा लावला. एवढंसंच काम होतं ते.