गुडघ्याएवढी कामिनी

दवाखान्यात सगळे तिला वहिनी म्हणत, कारण तिचा नवरा तिथला माळी होता आणि त्याला सगळे दादा म्हणत. दादा शिडीवरून पडला, कमरेखालचं अंग गेलं, आणि त्याची कात्री वहिनीच्या हातात आली. त्याला सोळा वर्षं झाली.

फाटकापासून पायऱ्यांपर्यंत कामिनीची तीस झुडपं कुंपणासारखी एका ओळीत होती. बारा महिने हिरवीगार. दर दोन महिन्यांनी छाटणी, रोज पाणी, शिवाय घरी दादाचं सगळं अंथरुणातच. वहिनीचा उजवा खांदा आता वेणी घालतानाही वर जात नव्हता.

त्यात कामिनी खालून उघडी पडली. वर दाट छत्री, खाली नुसत्या काटक्या. कुत्री खुशाल आरपार जायची.

"वहिनी, हे उपटूनच टाकू या," दवाखान्याच्या व्यवस्थापकबाई म्हणाल्या. "जाळी ठोकली की तुमचाही त्रास वाचेल."

घरी दादा म्हणाला, "वर रुंद ठेवलीस, खाली ऊन कुठून पोचणार? गुडघ्यापर्यंत काप. नव्यानं फुटेल."

"तुम्हाला खाटेवरून बोलायला काय जातंय!"

बोलून गेली आणि जीभ चावली. दादानं भिंतीकडे तोंड केलं. 

वहिनीनं बाईंकडून तीन महिने मागून घेतले आणि करवत लावली. जुनं लाकूड, दगडासारखं. नऊ दिवस लागले. येणारे-जाणारे हळहळायचे, "अगं बाई, कसलं वाटोळं केलंस!" ती मान वर करायची नाही. उत्तर द्यायलाही ताकद लागते.

मग खत, पाणी आणि वाट बघणं. दादा रोज विचारायचा, "फुटली का?"

"फुटेल."

दोन महिने उलटले तरी खुंट तसेच करडे. पुढे ती नुसतीच मान हलवायची. मग त्यानं विचारणंच सोडलं.

एके सकाळी पाणी घालताना एका खुंटावर मोहरीएवढे हिरवे ठिपके दिसले. दुसऱ्यावर, तिसऱ्यावरही. आनंद व्हायला हवा होता. ती पायरीवर बसली आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. एवढं थकल्याचं तिला तोवर कळलंच नव्हतं.

तीन महिने भरले तेव्हा एकोणीस झुडपं फुटली होती. अकरा गेली ती गेलीच. बाईंनी येऊन पाहिलं, जाळीचा विषय पुन्हा काढला नाही.

"अकरा खड्डे पडलेत," वहिनीनं घरी सांगितलं. "माझ्यानं नाही होणार आता नवी रोपं करणं."

"तुला कोण सांगतंय? दवाखान्याच्या धोबीखान्यामागच्या कामिनीला लाल फळं आली असतील. ओंजळभर आण. माती आण, पिशव्या आण. बाकी माझं मी बघतो."

तिनं उशा लावून त्याला बसवलं, मांडीवर फळी ठेवली. त्यानं बिया चोळून धुतल्या आणि एकेक पिशवी भरू लागला. माती चादरभर सांडत होती. कालच धुतलेली चादर. वहिनी काहीतरी बोलणार होती.

"आडवी हो जरा," दादा पिशवीवरची नजर न काढता म्हणाला.

भरदुपारी ती भिंतीला लागून आडवी झाली, आणि तो चौथ्या पिशवीला हात घालायच्या आत झोपली.