मधल्या सुट्टीतल्या बाई

परिपाठ चालू असताना फोन आला. मुलं प्रार्थनेला हात जोडून उभी होती, म्हणून उचलला नाही. नंतर कळलं, कदमबाई गेल्या... महिना उलटला, तरी ते खरं वाटत नाही. निवृत्त झाल्यावरही त्या रोज मधल्या सुट्टीत शाळेत यायच्या.

रत्नागिरीपासून तासाभरावरच्या आमच्या दोनशिक्षकी शाळेत मी नवी रुजू झाले, तेव्हा बाई मुख्याध्यापिका होत्या. शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीसाठी मधली सुट्टी निम्मी करू या, असं मीच सुचवलं. बाई म्हणाल्या, "ती वेळ पोरांची आहे हो, मी तुम्हाला कशी देऊ? आठ दिवस त्यांच्यात बसा, मग बोलू." राग आला, तरी मी पडवीत जाऊन बसू लागले.

दुसरीत तन्वी होती. तिचे वडील मुंबईला कामावर असतानाच वारले आणि तेव्हापासून ती शाळेत एक शब्द बोलली नव्हती. मी मणी, काड्या, चित्रं, सगळं देऊन पाहिलं. ती नुसती बघत राहायची. बाई तिला काहीच विचारत नसत. दुखरे गुडघे मुडपून तिच्याशेजारी जमिनीवर बसत आणि मुलींबरोबर सागरगोटे खेळत. तन्वीची पाळी आली की सागरगोटे तिच्यापुढे सारत. तिनं हात लावला नाही, की पुढचीकडे.

सहाव्या दिवशी बाईंनी झेल घेतला आणि म्हणाल्या, "आठ!"

"नाय! सातच झाले. बाई, चीटिंग करता तुमी!"

तन्वी बोलली होती. मी तोंड उघडणार, तर बाईंनी डोळ्यांनीच थांबवलं. "बरोबर. सात," त्या म्हणाल्या. "आता तुझी पाळी." तन्वीनं सागरगोटे उचलले.

"मुद्दाम चुकलात ना?" मी नंतर विचारलं.

"दोन महिने रोज चुकत्ये," बाई म्हणाल्या. "वर्गात चूक आपण काढतो. खेळात कुणीही कुणाची काढू शकतं."

सुट्टी कमी करण्याचं मी पुन्हा काढलं नाही. तन्वी आता कॉलेजात आहे. बाईंच्या बाराव्याला आली, तर तिचं बोलणं थांबेना...

परवा अंगणात मुली ठिकरी खेळत होत्या. खडूनं आखलेल्या चौकोनांतला एक सगळ्या ओलांडून जात होत्या.

"हे कुणाचं घर?" मी विचारलं.

"बाईंचं. त्यांनी जिंकलेलं, लंगडी आमी घालायचो त्यांची. आमी रोज आखतो," एक म्हणाली. "त्यात पाय नाय टाकायचा."

मीही तो चौकोन ओलांडून वर्गात गेले.