बंद खोलीतलं पॉलिश

लाखेच्या पॉलिशचे नखरे फार. पॉलिश लावायचा कापसाचा बोळा फिरता आहे तोवर सगळं गोड, मध्येच थांबला की जिथल्या तिथे चिकटणार आणि डाग पाडणार. त्यात धुळीचा एक कण चालत नाही. म्हणून दार बंद, खिडकी बंद, आणि आत स्पिरिटच्या वासात एकटा पॉलिशवाला.

हा पॉलिशवाला एकेकाळी अट्टल पिणारा. त्यापायी पोरगी मावशीकडे राहायला गेली होती. चार वर्षं त्याने थेंबाला तोंड लावलं नाही, तेव्हा कुठे गेल्या महिन्यात ती परत आली. पण बॅग अजून तशीच भरलेली, पलंगाखाली. रोज सकाळी तीतून कपडे काढायची, धुतले की घडी घालून परत तीतच ठेवायची. तो रोज बघायचा.

स्पिरिटचा वास दारूची ओढ लावायचा; त्यावर त्याने तोड काढली होती. पवित्र शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, एक स्तोत्र बायकोने त्याच्याकडून घोटून घेतलं होतं. बोळ्याच्या एका फेऱ्याला एक ओळ. हात फिरला की ओठ फिरायचे. सोबत काम करणारा सुतार त्याला चिडवून, चर्चच्या पाद्र्याला म्हणावं तसं, 'पाळकसाहेब' म्हणायचा.

त्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या घरी जेवणाच्या टेबलाचा शेवटचा हात होता. सुतार अवजारं आवरून निघाला.

"पाळकसाहेब, तुमच्या पिशवीत प्रसाद ठेवलाय हां! घसा सुकला तर घ्या."

"जा रे, चेष्टा पुरे."

मग घरमालकीणबाई आल्या. "मी बाजारात जाऊन येते. बाहेरून कडी लावते हं. आमची मनी दार ढकलून आत येते, आणि तिचे केस टेबलाला चिकटले की झालं कल्याण!"

कडी खटकन लागली.

अर्धं टेबल झालं. बोळा कोरडा पडला म्हणून त्याने कापसासाठी पिशवीत हात घातला. हाताला काच लागली. दारूची चपटी. सीलबंद, भरलेली.

हात थांबला, आणि हातासरशी स्तोत्रही थांबलं. पुढची ओळ आठवेना. पहिल्यापासून म्हणून पाहिलं, तिथेच अडलं. त्याने दार ओढून पाहिलं. कडी. टेबलाभोवती एक फेरी मारली. खोली एवढीशी, तिसऱ्या पावलाला परत पिशवीच. झाकण कधी फिरवलं, त्याचं त्यालाच कळलं नाही. दुसऱ्या हाताने त्याने बायकोला फोन लावला.

"अगं, पुढची ओळ सांग."

पलीकडे शिलाई मशीन थांबलं. "कुठे आहात?"

"कोंडलोय. सुताराने बाटली ठेवलीय. उघडलीय मी. ओळ सांग लवकर!"

"नाही सांगणार."

"अगं वेडी आहेस का?"

"सांगितली की पुन्हा हात फिरवत बसाल. अहो, रानात प्रभूला सैतानाने गाठलं तेव्हा त्याने वचनाने उत्तर दिलं. तुमच्यासारखा तालावर गुणगुणत नव्हता. ज्याची ओळ आहे त्याच्याशी बोला. आणि आधी खिडकी उघडा."

"धूळ बसेल. सगळं काम जाईल."

"जाऊ दे." तिचा आवाज फुटला. "पोरीने आज दोन फ्रॉक कपाटात ठेवलेत हो."

तो टेबलाच्या पायाशी बसला. "देवा," तो म्हणाला, "पाठ काही येत नाही. मला प्यायचंय. फार प्यायचंय. माझ्याच्याने आता धरवत नाही, तू धर." बराच वेळ काहीच झालं नाही. वास तोच, कडी तीच. मग तो उठला, दोन्ही हातांनी खिडकी ढकलली आणि चपटी खिडकीतल्या कुंडीत उपडी केली.

खाली रस्ता खणत होते. धुळीचा लोट आत आला आणि ओल्या टेबलावर निवांत बसला.

बाई परतल्या. टेबल पाहिलं, रिकामी चपटी पाहिली. "प्यायलात?"

"नाही. कुंडीत ओतली."

"अच्छा! म्हणजे माझं झाड बेवडं निघालं!"

त्याने मान खाली घातली नाही. "बाई, मी प्यायचो. आता पीत नाही. पण बंद खोलीत आज पुन्हा दारूकडे गेलोच होतो. टेबल घासून पुन्हा करतो, त्याची मजुरी नको. खिडकी मात्र उघडी राहील."

बाईंनी कुंडीतली माती हुंगली, मग जरा पुढे होऊन त्यालाही. "आणि मग आरशासारखी चकाकी?"

"तेवढी नाही येणार."

"आणि मनी आत आली म्हणजे?"

त्याने पॉलिश पेपर हातात घेतला. टेबलाचा अख्खा पृष्ठभाग पुन्हा पहिल्यापासून घासायचा होता, आणि स्पिरिटचा डबा तिथेच कोपऱ्यात होता.

"मांजराला कोंडा, बाई," तो म्हणाला. "मला नको."