सिस्टरची साक्ष

ती घटना आठवण्यासाठी मला आजही डायरी उघडावी लागत नाही. माझी नेमणूक विश्रांतवाडीच्या बाजूला होती. वरिष्ठांची वार्षिक तपासणी तोंडावर आल्याने अर्धे पोलीस ठाणे कुंड्यांना गेरू लावण्यात गुंतले होते. अशा वेळी एक निवृत्त परिचारिका फिर्याद घेऊन आल्या. ख्रिस्ती, अविवाहित, साठी ओलांडलेल्या. सगळी वसाहत त्यांना सिस्टर म्हणे, आम्हीही म्हणू लागलो.

बिल्डरची माणसे फ्लॅट मोजायला आली तेव्हा सिस्टरना कळले की, तो विकण्याचे अधिकार आपण म्हणे एका एजंटाला दिले आहेत. नोटरीसमोर केलेले कुलमुखत्यारपत्र होते. सही हुबेहूब, फक्त सिस्टरची नव्हती. एजंटाने हात वर केले. मास्क लावलेली कोणी बाई कागद घेऊन आली, एवढेच त्याला ठाऊक. घराची मूळ कागदपत्रे कपाटातून गेली होती आणि दाराचे कुलूप शाबूत होते.

दुसरी किल्ली धाकट्या बहिणीकडे असे. सिस्टरना तिच्याशिवाय जगात कोणी नव्हते. मी तिचा विषय काढताच त्या उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "फ्लॅट गेला तरी चालेल साहेब, तिचं नाव कागदावर घेऊ नका."

खबर मिळाली ती दोघी बहिणी जात त्या चर्चची देखभाल करणाऱ्या वृद्ध गृहस्थांकडून. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथे प्रभुभोजन असते, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस. मनात कुणाविषयी अढी असेल किंवा एखादे पाप बोचत असेल, तर तो माणूस ते घ्यायला बाकावरून उठत नाही. चोरावरचा राग जात नाही म्हणून सिस्टर दोन वेळा उठल्या नव्हत्या. "धाकट्या बाई तर तीनदा उठल्या नाहीत," ते सहज बोलून गेले. मी मनाशी हिशेब केला. बिल्डरची माणसे येऊन जेमतेम सव्वादोन महिने झाले होते, आणि त्यानंतर प्रभुभोजन दोनदाच झाले होते.

असला पुरावा न्यायालयात चालत नाही, चौकशीत चालतो. महिला हवालदारांना बरोबर घेऊन मी धाकटीला बोलावले, चहा दिला आणि एकच विचारले, "बाई, पहिल्या वेळी का उठला नाहीत? तेव्हा तर चोरी कुणाला माहीतच नव्हती."

तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "ताईच्या मागे सगळं आमचंच होणार होतं. जरा आधी घेतलं."

पंचांसमक्ष तिच्या कपाटातून कागदपत्रे जप्त केली. सिस्टरना सांगितले तेव्हा त्या रडल्या नाहीत. तिने काही खाल्ले का, एवढेच विचारून घरी गेल्या.

बाई देवभोळ्या, आता तक्रार मागे घेतील, असे मी धरून चाललो होतो. अर्जाचा मसुदाही तयार ठेवला. त्या आल्याच नाहीत. पुढे एकदा भेटल्या तेव्हा मीच विषय काढला. म्हणाल्या, "रोज तिच्यासाठी प्रार्थना करते. आधी दातओठ खाऊन करायचे, देवालाही कळत असणार. आता तिचं नाव नीट घेता येतं."

खटला उभा राहिला. धाकटीच्या वकिलांनी उलटतपासणीत विचारले, "आपण ख्रिस्ती ना? बहिणीला माफ केलंत?"

"केलं."

"मग इथे कशाला आलात?"

"खरं सांगायला. माफ केलं नसतं तर वाढवून सांगितलं असतं."

सबंध नोकरीत मी न वाढवलेली साक्ष क्वचितच ऐकली. ही तशी होती. आजारपणात बहिणीने केलेली सेवाही त्यांनी न विचारता सांगितली. 'घरचं प्रकरण आहे, मिटवून घ्या' असे सांगून मी कितीतरी माणसांना ठाण्यातून परत पाठवले होते. त्याला मी समेट समजत असे. खरे तर त्यातून फक्त माझी प्रलंबित प्रकरणांची यादी आखूड होत होती. देवाबद्दल माझ्या शंका अजून तशाच आहेत. त्या बाईंबद्दल मात्र एकही नाही.

बाहेर धाकटी वकिलांबरोबर निघून गेली, मागे न पाहता. सिस्टर रिक्षासाठी थांबल्या. मी गाडीतून सोडतो म्हणालो.

"नको साहेब," त्या म्हणाल्या, "एकटीनं जायची सवय करायला हवी."