पिंपळाभोवतीचा वॉल्ट्झ

बुलढाण्याला डिप्टी कमिशनरच्या कचेरीत मी चार वर्षं हंगामी कारकून होतो. साहेबानं काहीही विचारलं की 'हो सर' म्हणायची जिभेला सवयच लागली होती. अशात साहेबाची म्हातारी मावशी विलायतेहून आली आणि तिला आपल्या तरुणपणीचा वॉल्ट्झ नाचायची हुक्की आली. जोड्या चार हव्या होत्या आणि डॉक्टर हिवतापानं पडलेले. साहेबानं विचारलं, "तुला नाचता येतं?"

"हो सर," मी म्हणालो. डोळ्यांपुढे कायम नेमणुकीचा हुकूम दिसत होता. एरवी मला धड लेझीमसुद्धा येत नव्हतं.

हाताशी आठ दिवस. मी देऊळघाटच्या शिंपीचाचांकडे धावलो. मडमांचे झगे तेच शिवत, आणि घेर नीट उडतो का हे पाहायला नाचाच्या वेळी बंगल्याच्या व्हरांड्यात उभे राहत. पाहून पाहून त्यांना सगळं पाठ झालं होतं. रोज सकाळी कचेरीआधी, दुकानामागच्या पिंपळाभोवती आमची तालीम सुरू झाली. चाचा मडम झाले. पांढरी दाढी, गळ्यात टेप आणि पाऊल इतकं हलकं की मला माझीच लाज वाटे. मी दर तिसऱ्या ठेक्याला त्यांच्या पायावर.

"बाबू, नाचून राह्यले का माहा जीव घेऊन राह्यले?"

खरं भांडण जुंपलं ते दिशेवरून. चाचा म्हणाले, "पिंपय डाव्या हाताले ठेवा. साहेबलोक तसेच फिरते."

"उलटी प्रदक्षिणा? मले नरकात धाडता का, चाचा?"

"हा नाच हाय बाबू, पूजा नाही."

"हे पिंपयाले काय ठाऊक?"

चाचांनी हात टेकले. आठही दिवस आम्ही पिंपळ उजव्या हाताला ठेवून मोठ्या भक्तिभावानं नाचलो.

मेजवानीच्या संध्याकाळी ग्रामोफोन लागला. मावशीबाईंचा हात धरून मी मनात एक-दो-तीन म्हटलं आणि निघालो. पाऊल एकदाही चुकलं नाही, शपथ घेतो. फक्त बाकीच्या तीन जोड्या एकीकडून येत होत्या आणि आम्ही दुसरीकडून. पहिल्या फेरीत पाद्री थोडक्यात वाचले. दुसऱ्या फेरीत साहेब सापडले. ते आधी सरबताच्या मेजावर बसले, मग मेजासकट खाली गेले. मावशीबाई इतक्या हसल्या की त्यांची कवळी निसटून माझ्या कोटावर पडली.

सकाळी साहेबाचं बोलावणं आलं. नोकरी गेली असं धरूनच मी आत गेलो. साहेबानं कागद पुढे केला. कायम! मावशीबाईंनी हट्टच धरला होता म्हणे. नेमणूक मात्र मलकापूरला, बंगल्यापासून चांगली लांब. मला आनंदानं वेड लागायचं बाकी होतं. तसाच देऊळघाटला गेलो आणि चाचांना हुकूम वाचून दाखवला.

"मुबारक हो, बाबू," म्हणत त्यांनी माझ्या हातावर गूळ ठेवला. मग गळ्यातली टेप काढून बराच वेळ गुंडाळत बसले.

"मंग आता सकायी मी कोनासंग नाचू?"